दोनशे बारा खड्डे

मुलुंड पूर्व
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

ती. देवूमामास,
साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. चंदर कोळी जेसीबीखाली सापडून गेला, असं मी लिहिलं होतं. तो सापडला नाही. त्याला धरून ठेवलं होतं.

हे मला नंतर कळलं असं नाही. मी तेव्हाच पाहिलं होतं. पोलिसांनी विचारलं तेव्हा "नीट दिसलं नाही" म्हणाले, आणि मग तुलाही तसंच लिहिलं. लहानपणी तू शिकवलं होतंस की चूक झाली तर खोडरबर लावायचा नाही, एकच रेघ मारायची आणि वर बरोबर लिहायचं, म्हणजे आधी काय चुकलं होतं तेही वाचता येतं. तर मागच्या पत्रातल्या त्या वाक्यावर माझ्या वतीने तू रेघ मार. आता पहिल्यापासून लिहिते.

मोजणीच्या एजन्सीने मला ९ तारखेला सकाळी डोलपाड्याला पाठवलं. बोरिवलीच्या खाडीकडचा हा छोटा कोळीवाडा. काम एवढंच होतं की जुलैत मी जी रिकामी जागा मोजली होती, तिची हद्द चुन्याच्या फक्कीने आखून द्यायची. तिथे छोट्या घरांची इमारत होणार, शहाण्णव घरं. रस्त्यापलीकडे 'अष्टकोन' या विकसक कंपनीचे दोन टॉवर आहेत. नियमाप्रमाणे त्यांनी आपल्याच आवारात पाचवा हिस्सा छोटी घरं बांधायला हवी होती. त्यांनी त्याऐवजी शुल्क भरलं, आणि या इमारतीचं कंत्राटही त्यांनीच घेतलं. नगररचना खात्यात असताना तू आखलेल्या योजनेत ते बसतं, मला माहीत आहे: विकसकाचं शुल्क आणि वॉर्डातल्या मालमत्ता कराचा वाटा, दोन्ही मिळून छोट्या घरांचा निधी. आपल्याही बिलात ती ओळ आली तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात ओरडत होते आणि मी मान वर करून म्हणाले होते, "ही ओळ माझ्या मामाने लिहिली आहे."

मी पोहोचले तेव्हा जागा रिकामी नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबू रोवलेले, त्यांवर दोऱ्या, दोऱ्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगलेले. खाली जाळ्यांवर जवळा पसरलेला. 'अष्टकोन'चा केयूर म्हणून मॅनेजर आहे, तो म्हणाला, "मॅडम, हे बांबू कालपरवा ठोकलेत. बांधकामाचं कळलं आणि घुसले." मी ते खरं मानलं. जुलैत मी स्वतः पाहिलं होतं ना! मी फक्कीची पिशवी उघडली आणि बोंबलांच्या रांगांमधून पांढरी रेघ ओढत गेले. एक म्हातारी मागून चालत होती आणि पायाने ती रेघ पुसत होती. ती सरूबाई, चंदरची आई.

साडेआठला दोन टेम्पो आले. काळ्या टी-शर्टातले दहाबारा जण कंपनीचे. बाकीचे तीसेक साधे लोक होते, हातात सळया. नंतर कळलं की ते यादीतले होते. ज्यांना ही शहाण्णव घरं मिळायची, त्यांच्यातले. त्यांना सांगून आणलं होतं, "तुमच्या घरावर हे लोक मासे वाळवतायत."

मामा, मारामारी म्हणजे आरडाओरडा असेल असं मला वाटायचं. आधी फक्त बांबू मोडल्याचे आवाज होते. मग एका बाईच्या तोंडावर सळई बसली आणि तिचे दात जवळ्यात पडले. ती खाली बसून जवळ्यातून दात वेचायला लागली. मग ओरडणं सुरू झालं.

चंदर मधल्या बांबूला मिठी मारून उभा होता. दोघांनी त्याचे हात सोडवले आणि मागे पिळून त्याच बांबूशी धरून ठेवले. एक काळ्या टी-शर्टातला होता. दुसरा यादीतला, निळ्या स्वेटरचा. जेसीबी पुढे येत होता. मी सात पावलांवर होते. जेसीबीवाल्याने हॉर्न दिला, दोनदा. काळ्या टी-शर्टाने हात वर करून त्याला "ये, ये" केलं. चंदरची बायको समीक्षा मासे कापायचा कोयता घेऊन धावली आणि तिने निळ्या स्वेटरच्या हातावर घाव घातला. हात सुटला, पण एकच. बकेट आली तेव्हा काळा टी-शर्ट बाजूला उडी मारून गेला. चंदरला तेवढा वेळ मिळाला नाही. त्याच्या छातीचा आवाज मला अजून येतो. ओली फळी मोडावी तसा.

समीक्षा तुरुंगात आहे. रिकाम्या सरकारी जागेवर बेकायदा घुसून कामगारावर जीवघेणा हल्ला, असा गुन्हा आहे. तिचा नवरा मात्र अपघातात गेला.

मी काय करू ते लिही.

तुझी,
अबोली


दापोली
२२ जानेवारी २०२५

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तू म्हणालीस त्या वाक्यावर रेघ मारली आहे.

आधी जेव. तुझ्या अक्षरावरून कळतं की तू जेवत नाहीस. सांधेतापात तू अंथरुणाला खिळली होतीस आणि मी ऑफिसातून येऊन गॅलरीत तुला पाढे शिकवायचो, तेव्हाही तू उपाशी असलीस की 'र' लांब काढायचीस.

आता मुद्द्याचं. तू जे पाहिलंस ते भयंकर आहे. पण सात पावलांवरून, धुळीत, घाबरलेल्या माणसाने पाहिलेलं आहे. हात धरला होता की ओढत होते, हे तुला नक्की सांगता येईल का? माणसाला वाचवायलाही हातच धरतात. मी तुला खोटं बोलायला सांगत नाही. जितकं नक्की, तितकंच बोल, एवढंच.

दुसरी गोष्ट. ही योजना मंजूर व्हायला अकरा वर्षं लागली. 'शुल्क कशाला भरू' म्हणणारे विकसक एका बाजूला, 'आमच्या करातून दुसऱ्यांना घरं कशाला' म्हणणाऱ्या सोसायट्या दुसऱ्या बाजूला. दोघेही टपून बसले आहेत. निधीतली ही पहिली इमारत. पहिल्याच जागेवर खून झाला असं कागदावर आलं तर शुल्कही जाईल, कराचा वाटाही जाईल, आणि तुझ्या त्या यादीतल्या शहाण्णव कुटुंबांनी पुढची वीस वर्षं पत्र्याखाली काढायची. 'रिकाम्या जागा आधी' हे कलम मी मुद्दाम घातलं होतं, कुणालाही उठवावं लागू नये म्हणून. तुझं मोजमाप त्या कलमाला धरून होतं. त्यात तुझी चूक नाही.

मेलेला माणूस परत येत नाही. जिवंत माणसांचा विचार कर.

तुझा,
देवूमामा


मुलुंड पूर्व
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५

ती. देवूमामास,
साष्टांग नमस्कार.

चूक माझीच आहे. मी सोमवारी डोलपाड्याला जाऊन आले.

जायचं धाडस होत नव्हतं. मी चौकशीच्या कामासाठी आले असं मनात घोकत गेले. सरूबाई ओट्यावर बसून कोयत्याला धार लावत होत्या. पोलिसांनी एक नेला, हा दुसरा. मी नाव सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"फक्कीवाली," एवढंच म्हणाल्या.

मी म्हटलं, "जुलैत मी आले होते तेव्हा इथे काही नव्हतं. एकही बांबू नव्हता. म्हणून मी रिकामी लिहिलं."

तेव्हा त्यांनी धार लावायची थांबवली. "पावसात बोंबील वालतान का गो? होड्या बंद, मच्छी बंद. बांबू काय भिजत ठेवायचे? उपटून वलचनीखाली बांधून ठेवतो. नारली पुनवेनंतर परत रोवतो. माज्या सासूच्या सासूपासून." मग उठून माझ्या अगदी तोंडाशी आल्या. "तुमच्या गच्चीवर पावसात पापड नाय वालत, म्हनून तुमची गच्ची सरकारची होते काय?"

त्यांनी मला हाताला धरून त्या जागेवर नेलं. चंदरचं रक्त होतं तिथे कुणीतरी हळद टाकली आहे. जेसीबीने अर्धं खळं, म्हणजे ती मासळी वाळवायची जागा, उकरलं आहे, पण खाडीकडचा भाग तसाच आहे. त्यांनी एक मोडका बांबू उचलला आणि जमिनीतल्या खड्ड्यात सोडला. तो खाली गेला आणि ताठ उभा राहिला. जुन्या म्यानात तलवार जावी तसा.

मामा, ते खड्डे माझ्याकडे लिहिलेले आहेत!

जुलैत त्यांत पाणी साचलं होतं, बेडक्या होत्या. कशाला लागतील हे माहीत नव्हतं, पण जागेवर जे दिसेल ते नोंदवायचं म्हणून मी फील्डबुकात एकेक मोजला होता. 'लहान खड्डे, सरळ ओळींत, दीड-दीड हातावर, एकूण २१२.' ओळींचं रेखाटनही आहे, तारखेसह. आणि त्याच्याच खाली ऑफिसच्या तक्त्यात मी लिहिलं: 'रिकामी, खड्डे पडलेली, वापरात नाही.' बांबूंची घरं समोर होती आणि मी त्यांना डबकी म्हटलं. तू पाणी कुठून येतं इथपासून सगळं शिकवलंस, पण आपल्या घरी कुणी मासळीच्या दुकानावरूनही नाक धरल्याशिवाय गेलं नाही. मला कुठून कळणार होतं, असं स्वतःला सांगून पाहिलं. विचारलं असतं तर कळलं असतं. मी जुलैत त्या पाड्यात एकाही दारावर थाप मारली नव्हती.

माझी ती एक ओळ काढली तर ती जागा त्यांचीच होती, आणि समीक्षा घुसखोर उरत नाही. नवऱ्याला सोडवायला धावलेली बाई उरते. समीक्षाचे वकील म्हणाले की १२ मार्चला वांद्र्याला चौकशी अधिकाऱ्यांसमोर सुनावणी आहे. तोवर काम बंद. जागा रिकामी ठरली तर दुसऱ्या दिवशी जेसीबी परत. समीक्षाचा जामीनही त्याच निर्णयावर अडला आहे.

वॉर्डाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर एक जागा आहे, तीही मीच मोजली होती: टॉवरच्या कडेला 'अष्टकोन'ने सॅम्पल फ्लॅट आणि बुकिंग ऑफिस थाटलं होतं ती. सगळे फ्लॅट विकले गेले, आता तिथे कुलूप आणि गवत आहे. ती खरोखर रिकामी आहे, बाराही महिने. शहाण्णव घरं तिथे बसतात. म्हणजे यादीतल्या लोकांचंही काही जात नाही.

असं मला वाटत होतं. मग परवा शकु आली. निळ्या स्वेटरवाला तिचा नवरा, सुशांत. टॉवरमध्ये झाडू मारतो. मारायचा. उजवा हात कोपरापासून काढला. ती दारात चप्पल न काढता उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही साक्ष देणार म्हणतात. माझा माणूस खुनी नाही हो. त्याला सांगितलं होतं, बाजूला धरून ठेव, गाडी जाईपर्यंत. बाजूलाच धरायचं होतं ना, ताई?" मी म्हटलं, "बाजूला नव्हतं धरलं." ती खाली बसली. मग म्हणाली, "मग आम्हाला घर नाही मिळणार?" नवऱ्याचं नाही विचारलं तिने. घराचं विचारलं. चौदा वर्षं भाड्याच्या खोल्या बदलतायत.

फील्डबुक माझ्याकडेच आहे, माझ्या कपाटात तिसऱ्या फळीवर, जुन्या वह्यांमध्ये. ऑफिसने अजून मागितलेलं नाही. मी ते सुनावणीत देणार. तू पाठीशी आहेस ना?

अबोली


दापोली
६ फेब्रुवारी २०२५

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

घाई करू नकोस. फील्डबुक ही कामाची वही आहे, ऑफिसची मालमत्ता आहे. ती परस्पर सादर करणं नियमात बसत नाही, उलट तुझ्यावरच ठपका येईल. मला वाटतं तू ती रजिस्टर्ड पोस्टाने माझ्याकडे पाठव. इथे सुरक्षित राहील. मी माझ्या परीने, ज्यांच्याशी बोलायला हवं त्यांच्याशी बोलतो. दुसऱ्या जागेचं तू सुचवलंस ते उत्तम आहे. ते शांतपणे, कुणाला न दुखावता होऊ शकेल. अशा गोष्टी सुनावणीत होत नाहीत, बसून होतात.

आणि त्या वस्तीत एकटी जाऊ नकोस. कोयत्याला धार लावणाऱ्या बाईसमोर उभं राहायचं नसतं.

देवूमामा


मुलुंड पूर्व
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

मामा,

डाव्या हाताने लिहिते आहे. तीन दिवस लागले.

मंगळवारी दुपारी घरी एकटी होते. कुरिअर म्हणून दोघे आले. वर आले नाहीत, खालूनच हाक मारून सही करायला खाली या म्हणाले. मी लिफ्टने खाली गेले. आपल्या लिफ्टला अजून जाळीचा सरकता दरवाजा आहे. खाली पोहोचले, जाळी उघडली, आणि एकाने माझा उजवा हात धरून चौकटीवर दाबला.

दुसरा म्हणाला, "वही?"

मी म्हटलं, "कसली?"

त्याने जाळी सरकवली. पूर्ण जोर लावून. मग उघडली, आणि परत. हाडं मोडताना आधी दुखत नाही. आधी आवाज येतो. मी ओरडले तर पहिल्याने माझ्या तोंडात रुमाल कोंबला, त्याला तंबाखूचा वास होता. तिसऱ्यांदा जाळी लागली तेव्हा मधलं बोट लटकत होतं.

"मोजायला कुठला हात लागतो?" असं विचारून तो हसला. "डावा पण लागतो का?"

मग मला तसंच वर घेऊन गेले. मी काही सांगितलं नव्हतं. तो सरळ माझ्या खोलीत गेला, कपाट उघडलं, आणि वरून बोट लावत मोजलं. एक, दोन, तीन. तिसऱ्या फळीवरची तपकिरी वही काढली आणि दोघे गेले. जाताना माझ्या पोटात एक लाथ घातली, ती कशासाठी ते कळलं नाही. काम झालं होतं त्यांचं.

त्यांनी नेलं ते फील्डबुक नव्हतं. तुझं ६ तारखेचं पत्र आलं त्याच दिवशी मी ते सरूबाईंकडे देऊन आले होते. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. त्यांनी ते जवळ्याच्या पत्र्याच्या डब्यात तळाला ठेवलं आणि म्हणाल्या, "हितं कोन हात घालनार नाय. तुमच्यातला तर नायच." त्या दोघांनी नेली ती माझी तिसरीची निबंधाची वही. तपकिरी कव्हर. तुझ्या लाल शाईने भरलेली.

बोटांमध्ये तारा घातल्या आहेत. दोन वाकतील, मधलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. आईबाबांना लिफ्टचा अपघात सांगितलं आहे. म्हणजे मीही आता हात धरून ठेवण्याला अपघात म्हणते.

तिसरी फळी मी फक्त तुला लिहिली होती.

अबोली


दापोली
२७ फेब्रुवारी २०२५

अबोली,

आशीर्वाद लिहायचा हक्क राहिला आहे की नाही, माहीत नाही.

केयूर माझ्याकडे येतो. निवृत्तीनंतर विकसकांना शुल्काचे नियम समजावून द्यायचं काम मी घेतो, त्यात 'अष्टकोन'ही आहे. नियम कळले तर लोक पाळतील, असं मला वाटायचं. तुझं ३१ तारखेचं पत्र आलं तेव्हा मी त्याला बोलावून घेतलं. दुसरी जागा द्या म्हटलं. तो म्हणाला, "सर, वहीत असं काय आहे?" मी तोंडाने सांगण्याऐवजी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ओसरीत बसून वाचलं. चहा घेतला. "मुलीचं अक्षर सुंदर आहे," म्हणाला. मला अभिमान वाटला.

मी त्याला पाठवलं नाही. पण वाट मीच दाखवली. तू हे वाचून जे म्हणशील ते बरोबर असेल.

आणखी एक आहे. ते याहून वाईट आहे, कारण ते भोळेपणाने केलेलं नाही.

तुझ्या पहिल्या पत्रात 'डोलपाडा' वाचलं तेव्हाच मला ती जागा माहीत होती. १९९८ साली मी स्वतः तिचा नकाशा काढला. डिसेंबर होता, बोंबलांच्या रांगांतून टेप धरून फिरलो. एका कोळणीने मला द्रोणात भाजलेला सुका जवळा दिला. मी खाल्ला. घरी कुणाला सांगितलं नाही. त्या नकाशावर माझ्या हाताने लिहिलेलं आहे: 'मासळी वाळवण्याचं खळं, वापरात.' बांबूंच्या ओळीही काढलेल्या आहेत. पुढे नवे नकाशे झाले, ते उपग्रहावरून, पावसाळ्यात घेतलेल्या छायाचित्रांवरून. त्यात ती जागा कोरी आली. मी कलम लिहिलं तेव्हा ही कोरी जागा माझ्या डोळ्यांसमोर होती. मी थांबलो नाही. एका खळ्यासाठी अकरा वर्षांचं काम अडवायचं नाही, असं ठरवलं. वाटलं, पुढे कुणीतरी जागेवर जाऊन मोजेल, त्याला दिसेल.

मोजायला तू गेलीस. आणि मी तुला मासे कधी दाखवलेच नव्हते.

मूळ नकाशा ट्रंकेत होता. तो या पत्रासोबत पाठवतो आहे. तुझ्या फील्डबुकातल्या रेखाटनावर ठेवून बघ, ओळी जुळतील. माझं नाव, सही, तारीख आहे. तू बोलावलंस तर मी येऊन सांगेन की हा नकाशा माझा आहे, आणि मी तो का दाबून ठेवला. योजना बुडाली तर बुडू दे. नाही, हेही खरं नाही. ती बुडू नये असं मला अजून वाटतं. पण ते आता तुला ठरवायचं नाही आणि मलाही नाही.

केयूर परवा पुन्हा येऊन गेला. निबंधाची वही त्याने अंगणात फेकली. मी त्याला काठीने मारलं. कपाळ फुटलं त्याचं. मी सदुसष्ट वर्षांत कुणावर हात उचलला नव्हता. बरं वाटलं नाही, पण वाईटही वाटलं नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो.

देवव्रत


मुलुंड पूर्व
बुधवार, ५ मार्च २०२५

देवूमामा,

नकाशा मिळाला. निबंधाची वहीसुद्धा मिळाली. पान एकवर तू लिहिलं आहेस, 'निरीक्षण चांगले, निष्कर्ष घाईचा.' मी नऊ वर्षांची होते.

काल डोलपाड्यात सरूबाईंच्या ओट्यावर आम्ही दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले. फील्डबुकाचं पान जवळ्याच्या वासाने भरलं आहे. तुझे ठिपके आणि माझे खड्डे ओळीला ओळ जुळले. मधल्या रांगेतला सातवा, तिथे चंदर उभा होता. सरूबाईंनी त्या ठिपक्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग तुझी सही बघून म्हणाल्या, "हा तुजा मामा? जवला मागून मागून खाल्ला होता त्याने. सांग त्याला, इसरली नाय." ते रागाने म्हणाल्या की कसं, मला ठरवता आलं नाही, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

तिथे शकुही होती. मीच बोलावलं होतं. सरूबाईंनी तिला आत येऊ दिलं नाही, पण ओट्याच्या पायरीवर बसू दिलं. मी दोघींसमोर सांगितलं की मी काय बोलणार आहे. चंदरला धरून ठेवलं होतं. दोघांनी. एकाने 'ये, ये' केलं, तो कंपनीचा. दुसऱ्याला धरायला सांगितलं होतं आणि त्याने धरलं, तो सुशांत. दोन वाक्यं वेगळी आहेत आणि मी ती वेगळी ठेवीन, पण दुसरं वाक्य गाळणार नाही. शकुने मला शिवी दिली. मग विचारलं, "आणि घरं?" मी म्हटलं, दुसऱ्या जागेचा कागदही मीच देणार आहे. सरूबाई आतून ओरडल्या, "हिचा घर तिकरं झाला तर माजा काय जातंय! माज्या खल्यावर नको." एवढंच झालं. कुणी कुणाला मिठी मारली नाही.

'अष्टकोन'कडून निरोप आला आहे की डावा हात अजून शिल्लक आहे. एजन्सीने मला काढून टाकलं आहे. आईला सगळं खरं सांगितलं. ती रडली, आणि मग लोखंडी सांडशी घेऊन लिफ्टची जाळी तपासत बसली. बाबा माझ्याबरोबर येणार आहेत.

मी तुला माफ केलं का, हे मला माहीत नाही. घाईचा निष्कर्ष काढत नाही. यायचं असेल तर घरी येऊ नकोस, वांद्र्याला ये, आणि तुझ्या नकाशाबद्दल तूच बोल. माझ्या ओळीबद्दल मी बोलेन. तक्त्याची प्रत समोर ठेवतील तेव्हा 'रिकामी, वापरात नाही' यावर मी एकच रेघ मारणार आहे, खालचं वाचता येईल अशी, आणि वर डाव्या हाताने बरोबर ते लिहिणार आहे. तिथून सरळ पोलीस ठाण्यात, माझा जबाब दुरुस्त करायला.

त्याच संध्याकाळी डोलपाड्यात होळी आहे. त्यांच्याकडे ती एक दिवस आधी पेटते, खळ्यावरच. सरूबाई म्हणाल्या, उकरलेलं असलं तरी तिथेच पेटवणार.

बुधवार, १२ मार्च, सकाळी अकरा वाजता.

अबोली